आगगाड्या यार्डात नेण्याआधी

“सर, ह्या आगगाड्या आता यार्डात नेऊन उभ्या करा की!”

पालकसभेत एक गृहस्थ असं म्हणाले आणि वर्ग हसला. मीही हसलो, कारण बोलणं खुसखुशीत होतं. सराव पेपरात फलाट ओलांडणाऱ्या गाडीचं गणित निम्म्याहून अधिक मुलांचं चुकलं होतं आणि पालक चिडलेले होते. गृहस्थ इंजिनिअर, बोलायला पटाईत. त्यांनी तीन मुद्दे मांडले. एक, आयुष्यात असली गणितं कुणी करत नाही; किती वाजता पोचणार ते फोन सांगतो. दोन, गणितच खोटं आहे: गाडी सुटते, तिचा वेग कधी बदलत नाही, तिला सिग्नल लागत नाही, ड्रायव्हरला चहा लागत नाही, असं कुठल्या देशात घडतं? तीन, मुलाला भागाकार येतो, गुणाकार येतो, तरी केवळ लांबलचक भाषेपायी त्याचे मार्क जातात, हा अन्याय आहे. उत्तर द्यायच्या आत विषय गणवेशाच्या रंगावर गेला आणि माझं उत्तर घशातच राहिलं.

आता मी निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे, आणि तेच तीन मुद्दे दर चार दिवसांनी कुणाच्या तरी फॉरवर्डमधून माझ्या फोनवर येतात. तेव्हा राहिलेलं उत्तर देऊन टाकतो. आधीच सांगतो, तिसरा मुद्दा वजनदार आहे. पहिले दोन नाहीत.

दुसऱ्यापासून सुरुवात करू, कारण टाळ्या त्यालाच मिळाल्या होत्या. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. अंतर ३४ किलोमीटर, वेळ ५७ मिनिटं. भागाकार केला तर ताशी ३६ किलोमीटरच्या जरा आत येतं. ती गाडी सबंध वाट ताशी ३६ ने धावली का? मुळीच नाही. सुटताना हळू, मध्ये जोरात, ठाण्यात शिरताना पुन्हा हळू. तरीही ३६ हा आकडा खोटा नाही. आज धीमी लोकल धरली तर सीएसएमटीहून ठाण्याला जायला साधारण तासभरच लागतो. म्हणजे पावणेदोनशे वर्षांत आपण जागचे हललोच नाही की काय? तसं नाही. धीमी लोकल मधल्या सतरा स्टेशनांवर थांबते. प्रत्येक थांब्यावर उभं राहणं, त्याआधी वेग उतरवणं, नंतर पुन्हा चढवणं, हे सगळं धरून ती तितक्याच वेळात पोचते, तर दोन स्टेशनांच्या मध्ये ती किती जोरात पळत असेल? हा प्रश्न विचारता येतो तो ‘वेग कधीच बदलत नाही’ ह्या खोट्या गाडीच्या आधारावर. खरी गाडी त्या खोट्या गाडीशेजारी उभी केली की तिच्यातलं काय काय वेगळं आहे ते दिसायला लागतं. कपड्याचं माप घेताना शिंपी माणसाला हात पसरून ताठ उभं करतो. दिवसभर कुणी तसं उभं राहत नाही, म्हणून सदरा बेतूच नये का?

ह्याच मुद्द्याला जोडून आणखी एक गोष्ट ऐकवली जाते, की ही गणितं इंग्रजांनी रेल्वेबरोबर आणली आणि आपण अजून ओढतोय. आगगाडी त्यांची खरी, गणित त्यांचं नाही. समोरासमोर येणाऱ्यांच्या वेगांची बेरीज करा, एकाच दिशेने जाणाऱ्यांच्या वेगांची वजाबाकी करा, आणि मधल्या अंतराला त्याने भागा, हा नियम आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या आर्यभटीयात एका श्लोकात सांगून ठेवला आहे. त्याला स्टेशनची घाई नव्हती. दोन ग्रह आकाशात कधी एकत्र येणार, किंवा येऊन किती काळ लोटला, हे त्याला काढायचं होतं. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत तर मोर आणि साप आहेत. नऊ हात उंच खांबावर मोर बसलेला, खांबाच्या तळाशी सापाचं बीळ. साप सत्तावीस हातांवरून बिळाकडे येतोय. मोराने तिरकी झेप घेतली आणि दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर बिळापासून किती हातांवर तो साप पकडला जाईल? उत्तर बारा हात. मोर पंधरा हात उडाला, साप पंधरा हात सरपटला. आता मोर आणि साप सारख्या वेगाने जात नाहीत हे भास्कराचार्यांना ठाऊक नव्हतं असं आमच्या इंजिनिअरसाहेबांचं म्हणणं असेल, तर मी गप्प बसतो.

आता पहिला मुद्दा, फोनचा. फोन पोचायची वेळ सांगतो, कबूल. पण ती वेळ तो ह्याच गणिताने काढतो आणि जे विचाराल तेवढंच सांगतो. घाई केली तर किती वाचेल, हे तुम्ही त्याला विचारतच नाही. विचारायला हवं, हेच सुचलेलं नसतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. ताशी १०० ने तो सलग कापला तर पावणेसत्तावन्न मिनिटं लागतात. कायदा मोडून, घाटसुद्धा नसल्यासारखा धरून, १२० ने कापला तर सव्वासत्तेचाळीस. जिवावर उदार होऊन मिळाली साडेनऊ मिनिटं, आणि तीही कागदावर, कारण घाटात वेगाची मर्यादाच बरीच खाली येते. उलट शहरात दहा किलोमीटरच्या रस्त्यावर ताशी २० ची गाडी ४० ने जाऊ लागली तर तब्बल पंधरा मिनिटं वाचतात. त्याच दहा किलोमीटरवर ८० चे १०० केले तर वाचतं दीड मिनिट. दोन्हीकडे वेग वाढला वीसच, पण एकीकडे पाव तास हाती आला आणि दुसरीकडे पान लावायला लागतो तेवढा वेळ. वेग आणि वेळ ह्यांचं नातं व्यस्त आहे म्हणून हे असं होतं. आमच्या लहानपणी ‘व्यस्त त्रैराशिक’ म्हणून ते वेगळं शिकवत. ज्याच्या हाडात ते मुरलं आहे, त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर जरा वेगळा पडतो.

समृद्धी महामार्गाचं पाहा. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, गाड्यांना मर्यादा ताशी १२०. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटरहून थोडं जास्त. सरळसोट रस्त्यावर दुपारी डोळा लागला आणि दोन सेकंदांनी उघडला, तर तेवढ्यात गाडी ६७ मीटर पुढे गेलेली असते. बारा डब्यांची लोकल साधारण अडीचशे मीटर असते. तिचे तीन डबे रांगेत उभे करा आणि डोळे मिटून त्यांच्यातून आरपार जा, असा त्याचा अर्थ. ताशी किलोमीटरचं सेकंदाला मीटरमध्ये रूपांतर करणं म्हणजे परीक्षेतला छळ आहे, असं म्हणणाऱ्याने हे एकदा करून पाहावं आणि मग स्टिअरिंगला हात लावावा.

घाटाचीही गंमत आहे. पंधरा किलोमीटरचा घाट ताशी ३० ने चढलो. आता उतरताना किती वेगाने उतरलं म्हणजे जाऊन-येऊन सरासरी ६० पडेल? वर्गात हमखास उत्तर येतं, ९०. तीस आणि नव्वदची सरासरी साठ! प्रत्यक्षात उत्तर आहे: कधीच नाही. जाऊन-येऊन तीस किलोमीटर, ताशी ६० ने त्याला अर्धा तास मिळणार, आणि तो अर्धा तास चढण्यातच संपला. विमानाने उतरलात तरी उशीरच. असाच एक प्रश्न मानसशास्त्रज्ञ मॅक्स वर्थायमर यांनी आइन्स्टाइन यांना पाठवला होता, आणि गणित करून पाहीपर्यंत आपल्याही ते लक्षात आलं नाही, असं आइन्स्टाइन यांनी कळवलं. सूत्र त्यांना येत नव्हतं असं तर नाही ना!

आणि इथेच मला खरं भांडण उकरायचं आहे, पण ते पालकांशी नाही.

मुलांना ह्या गणितांचा तिटकारा आला तो गाड्यांमुळे नाही, ट्रिकांमुळे आला. आज कुठल्याही क्लासच्या फळ्यावर काय दिसतं? एक त्रिकोण, वर अं, खाली वे आणि का. हवं ते अक्षर बोटाने झाका, उरलेलं करा. ‘विरुद्ध’ शब्द दिसला की बेरीज. ‘एकाच दिशेने’ दिसलं की वजाबाकी. खांब असेल तर गाडीची लांबी, फलाट असेल तर दोन्ही लांब्या. किमीचं मीटर करायचं तर ५/१८, उलट करायचं तर १८/५, आणि ह्यात गोंधळ झाला तर ‘मोठ्याचं लहान करताना लहान वर’ असली काहीतरी यमकं. मूल उदाहरण वाचतच नाही. ते आकडे वेचतं आणि शब्दांचा वास घेतं. मग मधल्या सुट्टीत येऊन विचारतं, “सर, ह्यात बेरीज का वजाबाकी?” हा प्रश्न मी तीस वर्षं ऐकला. गाडी कुठे आहे, कुठून कुठे चालली आहे, ते त्या मुलाला दिसलेलंच नसतं.

१९८० च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या संशोधकांनी लहान मुलांना एक प्रश्न घातला: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी आकडे जुळवून उत्तर काढून दिलं. मुलं मूर्ख नव्हती. शाळेत दिलेल्या आकड्यांचं काहीतरी करायचंच असतं आणि उत्तर निघतंच, हा धडा ती नीट शिकलेली होती. आपल्याकडच्या ट्रिका हाच धडा शिकवतात, फक्त मेंढ्यांच्या जागी मेल-एक्स्प्रेस असते.

चोर-पोलिसाचं जुनं गणित घ्या. चोर ताशी ८ किलोमीटरने पळतोय, पोलीस ताशी १० ने, मध्ये अंतर २०० मीटर. पकडला जाईपर्यंत चोर किती पळेल? क्लासचा मुलगा २०० मीटरचे किलोमीटर करतो, वेगांची वजाबाकी करतो, भागतो, तास येतात, त्यांची मिनिटं करतो, पुन्हा आठाने गुणतो आणि मध्ये कुठेतरी शून्य सांडतो. आता जरा डोळे मिटून पाहा. पोलीस दहा मीटर जातो तेव्हा चोर आठ मीटर जातो. दर खेपेला अंतर दोनने तुटतं. दोनशे तुटायला शंभर खेपा. चोर आठशे मीटर पळाला, पोलीस हजार. तास नाही, मिनिटं नाही, अठरा-पाच नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने हे करून दाखवलं तेव्हा त्याला क्लासमध्ये सांगण्यात आलं की ही पद्धत परीक्षेत चालणार नाही. का चालणार नाही, ते विचारायची त्याची छाती झाली नाही.

अठरा-पाचचंही तेच. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. सायकलवर जरा दम लावला की एवढा वेग येतो. मग ३६ म्हणजे १०, ५४ म्हणजे १५, ७२ म्हणजे २०, ९० म्हणजे २५. पाढाच आहे हा. ज्या पिढीला पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ असायची त्या पिढीला ह्यात अवघड काही वाटलं नसतं. पाठ करणं वाईट असं मी म्हणतच नाही. अपूर्णांक उलटा की सुलटा हे पाठ करण्यापेक्षा १८ला ५ हे पाठ करा, एवढंच. चुकलात तर सायकल आठवून सापडेल.

म्हणून इंजिनिअरसाहेबांना माझं सांगणं असं होतं: तुमच्या मुलाला आगगाडीचं गणित शिकवलंच गेलेलं नाही. त्याला ते चुकवायचे रस्ते शिकवले आहेत. चुकवण्याचा कंटाळा आला म्हणून तुम्ही गणितच काढून टाका म्हणताय.

उरला तिसरा मुद्दा, भाषेचा. तो मला झोपू देत नाही. पुस्तकातली भाषा खरंच लाकडी असते. ‘परस्परविरुद्ध दिशांनी समांतर रुळांवरून धावणाऱ्या दोन आगगाड्या एकमेकींना पूर्णपणे ओलांडण्यास किती अवधी घेतील?’ हे वाक्य माझ्या आजीला म्हणून दाखवलं असतं तर तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. ज्या मुलाने फलाट पाहिलेला नाही, त्याला ‘फलाट ओलांडणे’ म्हणजे इंजिन फलाटाला लागल्यापासून शेवटचा डबा फलाट सोडेपर्यंत, हे कळणार कसं? त्याचे मार्क गणितात गेले असं आपण म्हणतो. खरं तर आपण त्याला न दाखवलेल्या गोष्टीचे मार्क कापतो. इथवर साहेबांचं बरोबर आहे.

पण ह्यावर उपाय म्हणून गणित काढलं तर कुणाचं काय जाईल? ज्यांच्या घरात पुस्तकं आहेत, ती मुलं वाक्यातून चित्र उभं करायला दुसरीकडे शिकतील. सरळ बेरीज-वजाबाकीच्या उदाहरणात काय करायचं ते चिन्हानेच सांगितलेलं असतं. काय करायचं हे मुलाने स्वतः ठरवावं अशी जागा शाळेच्या गणितात फार थोडी, आणि शाब्दिक उदाहरण ही त्यातली मोठी. गरिबाच्या मुलाला ती शाळेतच मिळाली तर मिळते. आणि परीक्षा त्याची पाठ सोडत नाहीत. पोलीस भरतीला उतरलेली मुलं मी गावच्या मैदानावर पहाटे पाहतो. सोळाशे मीटर पाच मिनिटं वीस सेकंदांत मारायचे तर चारशेची एक फेरी ऐंशी सेकंदांत हवी. पहिली सत्तरमध्ये मारली तर तिसऱ्या फेरीला पाय उचलत नाहीत, हे त्यांना पोटरीतून कळलेलं असतं. कुणी घड्याळ धरून ओरडतो, “दोन फेऱ्या, दोन छत्तीस!” आणि पळणारा पळता पळता हिशेब करतो की चार सेकंद हातात आहेत. तोच मुलगा दुपारी लायब्ररीत गाईड उघडतो आणि ‘एक धावपटू…’ ह्या शब्दांशी अडखळून त्रिकोण काढायला लागतो. मैदानातला आणि गाईडमधला धावपटू एकच आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. तेव्हा भाषा बदला, फलाट नसेल तिथे एसटी आणा, दिवे घाट चढणारी पालखी आणा, फळ्यावर हातभर लांब फलाट काढून त्याच्यापुढून वही गाडीसारखी सरकवून दाखवा. ह्याला एक तास लागतो. मी घालवलेला आहे, आणि अभ्यासक्रम पुरा होत नाही म्हणून बोलणीही खाल्ली आहेत.

समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या प्रत्यक्षात कुठे भेटतात, असं साहेबांनी हसत विचारलं होतं. गणपतीला कोकणात जाणाऱ्या कुणालाही विचारा. कोकण रेल्वे अजून बहुतांश एकेरी आहे. गाडी मधल्याच एखाद्या स्टेशनात उभी राहते, माणसं खाली उतरतात, आणि कुणीतरी जाणत्याच्या थाटात सांगतो, “क्रॉसिंग आहे.” ते क्रॉसिंग म्हणजेच पुस्तकातलं गणित. कंट्रोल ऑफिसात त्याचा चार्ट असतो: आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. रेघ जितकी उभी तितकी गाडी वेगात, आडवी झाली की गाडी थांबलेली. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे गाड्या भेटतात, आणि एकेरी मार्गावर तो छेद स्टेशनातच पडला पाहिजे.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी वर्गाला हेच घातलं. क आणि ख ही ठिकाणं ९० किलोमीटरवर. क-हून गाडी दहा वाजता निघाली, ताशी ६०. ख-हून दुसरी दहा वीसला, ताशी ८०. कुठे भेटतील? पहिली वीस मिनिटांत २० किलोमीटर आली, उरले ७०, दोघी मिळून तासाला १४० तोडतात, म्हणजे अर्धा तास. दहा पन्नास, क-पासून ५०. एवढं झाल्यावर सांगितलं, मार्ग एकेरी आहे आणि ५० वर स्टेशन नाही. एक आहे ४२ वर, एक ५७ वर. वर्गात शांतता पसरली. अठरा-पाच बिनकामाचे, त्रिकोण बिनकामाचा. एकाने घाबरत विचारलं, “सर, मग टक्कर होईल?”

मग रेघा काढल्या. पहिली गाडी ४२ वर थांबवली तर ती दहा बेचाळीसला तिथे येते आणि दुसरी दहा छप्पनला. चौदा मिनिटं खोळंबा. दुसरीला ५७ वर थांबवलं तर ती पावणेअकराला पाव मिनिट कमी असताना येऊन सव्वाबारा मिनिटं उभी राहते. हिशेबाने दुसरी थांबावी. पण दुसरी वेगाची गाडी, मेल असणार, मेल थांबवतात का? एक म्हणाला, पहिलीत माणसं जास्त असतील. दुसरा म्हणाला, मेलवाले पैसे जास्त देतात. तिसऱ्याचा मामा रेल्वेत होता, त्याने सगळ्यांना गप्प केलं आणि स्वतः चुकीचं सांगितलं. घंटा झाली तरी भांडण चालूच होतं. वह्या गोळा केल्या. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी कोरी वही द्यायची, तिने चार्ट काढला होता, रेघा हाताने काढलेल्या, वाकड्या. खाली लिहिलं होतं: ‘पहिली गाडी ४२ वर १४ मिनिटे थांबवली. पण तिच्यामागून मालगाडी येत असेल तर सांगा, मग परत काढते.’